राउटरला कोणती भाषा बोलू द्यावी?

घरात इंटरनेटची जोडणी घेतली, की भिंतीवर किंवा कपाटावर एक छोटी पेटी येऊन बसते. तिला राउटर म्हणतात. बाहेरून तारेने आलेले संदेश ती रेडिओलहरींवर चढवून घरभर पाठवते आणि तुमच्या मोबाइलने पाठवलेले संदेश लहरींवरून उतरवून घेऊन पुन्हा तारेत सोडते. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर एक पत्ता व पासवर्ड छापलेला असतो. त्याच्या साहाय्याने राउटरच्या व्यवस्थेचे पान संगणकावर उघडता येते. त्या पानावर 'वायरलेस मोड' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे कोड्यासारखी अक्षरे : 'बी/जी/एन मिक्स्ड', 'जी/एन मिक्स्ड', 'एन ओन्ली', 'ए/एन/एसी', 'एएक्स'.

बहुतेक लोक ही ओळ पाहून पान बंद करतात. काही उत्साही मंडळी मात्र 'सर्वांत नवे ते सर्वांत चांगले' असे म्हणून शेवटचे अक्षर निवडतात. दुसऱ्या दिवशी घरातला प्रिंटर मुका होतो किंवा आजोबांच्या जुन्या टॅब्लेटला राउटर सापडेनासा होतो. उलट 'सर्वांना चालेल ते' म्हणून सगळी अक्षरे चालू ठेवली, तर अभ्यासाचा व्हिडिओ अडखळू लागतो. मग योग्य निवड कोणती? हे ठरवण्यासाठी या अक्षरांमागे काय दडले आहे ते आपण पाहू या.

अक्षरे कोठून आली?

बिनतारी जाळ्यांचे नियम आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. या नियमांचा क्रमांक ८०२.११ असा आहे. पहिले नियम १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट, म्हणजे १० किंवा २० लाख बिट माहिती पाठवता येई. पुढे नियमांत सुधारणा होत गेल्या आणि प्रत्येक सुधारणेला एक अक्षर मिळाले. त्यांतील महत्त्वाच्या अशा :

बी – १९९९. वेग ११ मेगाबिटपर्यंत. पट्टा २.४ गिगाहर्ट्झ.
ए – १९९९. वेग ५४ मेगाबिटपर्यंत. पट्टा ५ गिगाहर्ट्झ.
जी – २००३. वेग ५४ मेगाबिटपर्यंत. पट्टा २.४ गिगाहर्ट्झ.
एन – २००९. वेग ६०० मेगाबिटपर्यंत. दोन्ही पट्टे.
एसी – २०१३. पट्टा फक्त ५ गिगाहर्ट्झ.
एएक्स – २०२१. पुन्हा दोन्ही पट्टे; शिवाय जेथे परवानगी आहे तेथे ६ गिगाहर्ट्झही.

अक्षरांचा हा गोंधळ लोकांना उमजेना, म्हणून २०१८ साली सोपी नावे ठरली. एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे वाय-फाय ५ आणि एएक्स म्हणजे वाय-फाय ६. राउटरच्या पानावर मात्र जुनी अक्षरे अजूनही भेटतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर दिलेले वेग कागदावरचे, म्हणजे आदर्श परिस्थितीतील कमाल वेग आहेत. एनचा ६०० हा आकडा गाठायला दोन्ही बाजूंना चार-चार अँटेना लागतात. साध्या मोबाइलमध्ये एक किंवा दोनच असतात.

या प्रत्येक अक्षराला आपण एक भाषा समजू. नवी उपकरणे सहसा जुन्या भाषाही जाणतात, परंतु जुन्या उपकरणाला नवी भाषा कळत नाही. तेव्हा मोड निवडणे म्हणजे राउटरने कोणकोणत्या भाषांत बोलायचे हे ठरवणे होय.

हवा एकच, बोलणारे अनेक

तारेच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार देता येते. हवेत तशी सोय नाही. एकाच चॅनेलवर दोन उपकरणे एकदम बोलली, तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि दोघांचेही संदेश सहसा वाया जातात.

हा प्रश्न जुना आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली 'अलोहानेट' हे बिनतारी जाळे सुरू केले. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच रेडिओ चॅनेलवरून होनोलुलूतील संगणकाशी बोलत. दोन संदेशांची टक्कर झाली, तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून संदेश पुन्हा पाठवायचा, असा तेथील नियम होता. वाय-फायने यात आणखी एक शहाणपण घातले : बोलण्यापूर्वी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा. शांतता झाली की थोडा वेळ जाऊ द्या आणि मग बोला.

म्हणजेच घरातील सारी उपकरणे पाळीपाळीने बोलतात. तुमच्या गल्लीतला सार्वजनिक नळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाने एका पाळीत एकच घागर भरायची, असा नियम आहे. सर्वांच्या घागरी रुंद तोंडाच्या असतील, तर रांग भराभर पुढे सरकते. पण एकाच्या घागरीचे तोंड चिंचोळे असेल, तर तिच्यात पाणी बारीक धारेनेच घ्यावे लागते. ती भरेपर्यंत रुंद तोंडाच्या घागरीवालेही ताटकळतात! नळाला पाणी भरपूर आहे, तरी सर्वांचाच वेळ जातो.

थोडे गणित करू

माहितीचा एक मोठा संदेश सुमारे १५०० बाइटचा असतो. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून हा संदेश १२,००० बिटचा झाला. तो पाठवायला किती वेळ लागेल?

सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने : १२,००० ÷ ५४ = सुमारे २२२ मायक्रोसेकंद.
सेकंदाला ११ मेगाबिट वेगाने : १२,००० ÷ ११ = सुमारे १,०९१ मायक्रोसेकंद.

(एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. दोन संदेशांमधील विश्रांती व पोचपावती यांचा वेळ आपण सोयीसाठी सोडून दिला आहे.)

समजा, घरात दोन लॅपटॉप आहेत, दोन्ही जी जातीचे. पाळीपाळीने बोलल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ५४ चे निम्मे, म्हणजे २७ मेगाबिट येतील. आता त्यांतील एक काढून त्या जागी बी जातीचा जुना लॅपटॉप ठेवा. एका फेरीला २२२ + १,०९१ = १,३१३ मायक्रोसेकंद लागतील. या वेळात प्रत्येकाचे १२,००० बिट जातात. १२,००० ला १,३१३ ने भागा. उत्तर येते सुमारे ९!

हा निकाल चमत्कारिक वाटतो, नाही का? जुन्या लॅपटॉपला ९ मेगाबिट मिळाले यात नवल नाही. पण नव्या लॅपटॉपचा वेगही २७ वरून ९ वर घसरला. त्याच्यात कोणताच बिघाड झालेला नाही. तो फक्त रांगेत उभा आहे. पाळ्या समान वाटल्या गेल्या, पण वेळ समान वाटला गेला नाही.

पुष्कळशा आधुनिक राउटरांत यावर उपाय केलेला असतो. राउटर स्वतः पाठवत असलेल्या संदेशांची वाटणी पाळ्यांच्या संख्येने न करता वेळाने करतो. पानावर 'एअरटाइम फेअरनेस' असे शब्द दिसले, तर ते याविषयी आहेत असे समजा. त्यामुळे एका संथ उपकरणाची झळ इतरांना कमी लागते.

एक गंमत आणखी. नवे उपकरणसुद्धा राउटरपासून फार दूर गेले, तर लहरी क्षीण होतात आणि ते आपणहून संथ वेगाने बोलू लागते. तेव्हा चिंचोळ्या तोंडाची घागर नेहमी जुनीच असते असे नाही. पेटी घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावी, असे जे सांगतात त्याचे हेही एक कारण आहे.

'मिक्स्ड'ची किंमत

आता 'मिक्स्ड', म्हणजे मिश्र मोडकडे वळू. बी आणि जी एकाच पट्ट्यात बोलतात, पण त्यांच्या बोलण्याची रीत अगदी निराळी आहे. जी आपला संदेश एकमेकींशेजारच्या ५२ बारीक लहरींवर वाटून पाठवते. बी जातीच्या उपकरणाला हे बोलणे म्हणजे नुसता खरखराट वाटतो. त्यात कोणी बोलत आहे हे त्याला ओळखता येत नाही. साहजिकच ते मध्येच बोलू लागते आणि टक्कर होते.

यावर नियमकर्त्यांनी युक्ती काढली. नवे उपकरण बोलण्यापूर्वी जुन्या भाषेत एक छोटी दवंडी पिटते : 'अमुक इतके मायक्रोसेकंद कोणी बोलू नये.' जुने उपकरण ती ऐकून गप्प राहते आणि मग खरा संदेश नव्या भाषेत जातो. युक्ती नामी आहे, पण दवंडी जुन्या भाषेत असल्यामुळे ती संथ असते. सर्वांत कमी, म्हणजे १ मेगाबिट वेगाने ती दिली, तर प्रास्ताविक खुणेसह सुमारे ३०० मायक्रोसेकंद लागतात. वरचे गणित आठवा. खरा संदेश जायला लागले होते २२२ मायक्रोसेकंद! दवंडीलाच संदेशापेक्षा जास्त वेळ.

याशिवाय राउटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी येथे आहे' अशी आरोळी ठोकत असतो. बीला थारा दिलेला असेल, तर ही आरोळीही सहसा १ मेगाबिटच्या संथ चालीने दिली जाते. बी बंद केल्यास तीच आरोळी ६ मेगाबिटने देता येते. एका घरात हा फरक जाणवणार नाही. पण मोठ्या इमारतीत एकाच चॅनेलवर दहा-पंधरा राउटर असतील, तर हवेचा बराचसा वेळ नुसत्या आरोळ्यांतच जातो.

जी आणि एन यांचे भांडण मात्र एवढे तीव्र नाही. एनची रीत जीसारखीच बारीक लहरींची असल्याने सावधगिरीची सूचना थोडक्यात व बऱ्याच वेगाने देता येते. म्हणून 'जी/एन मिक्स्ड' हा मोड स्वस्त पडतो आणि 'बी/जी/एन मिक्स्ड' महाग.

दोन पट्ट्यांची कथा

मोडबरोबर पट्टाही निवडावा लागतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मिळते. २.४ गिगाहर्ट्झसाठी ती १२.५ सेंटिमीटर येते, तर ५.५ गिगाहर्ट्झसाठी सुमारे साडेपाच सेंटिमीटर.

एकाच घडणीची अँटेना दोन्ही पट्ट्यांसाठी बनवली, तर आखूड लहरींची अँटेना लहान होते. लहान अँटेना म्हणजे लहान झोळी! झोळीचे क्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२.५ ला ५.५ ने भागून त्याचा वर्ग करा. उत्तर सुमारे ५ येईल. म्हणजे तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे एक पंचमांश शक्तीच हाती लागते. त्यात विटा, दगड व काँक्रीट यांत या लहरी अधिक शोषल्या जातात. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतींपलीकडे किंवा सळयांच्या स्लॅबमधून वरच्या मजल्यावर २.४ चा पट्टा बरा पोहोचतो, तो यामुळेच.

मग ५ चा पट्टा हवा कशाला? कारण तेथे जागा मोकळी आहे. २.४ चा सारा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यात एकमेकांना न अडखळणारी तीनच चॅनेले बसतात : १, ६ आणि ११. शेजाऱ्यांची राउटरे, ब्लूटूथची उपकरणे व मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात. भट्टी तर २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणून भाजी गरम होताना व्हिडिओ अडखळू शकतो. भारतात २.४ चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ च्या पट्ट्यातील बरीच वाढीव जागा २०१८ साली खुली करण्यात आली.

मग निवड कशी करावी?

आता कोडे सुटत आले. प्रथम वही घ्या आणि घरातील बिनतारी उपकरणांची यादी करा : मोबाइल, लॅपटॉप, दूरदर्शन संच, प्रिंटर, कॅमेरा, इंटरनेटवर चालणारे दिवे किंवा प्लग. प्रत्येकाची माहितीपुस्तिका किंवा खोका पाहून त्याला कोणती अक्षरे येतात ते लिहा. मग पुढीलप्रमाणे विचार करा.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक घरांसाठी 'जी/एन मिक्स्ड' हा चांगला मोड आहे. राउटर वाय-फाय ६ चा असेल, तर 'जी/एन/एएक्स'. स्वस्त प्लग, दिवे व प्रिंटर यांना बहुधा एवढाच पट्टा समजतो. यादीत फक्त बी जाणणारे उपकरण खरोखरच असेल, तरच बी चालू ठेवा. 'एन ओन्ली' तेव्हाच निवडा, जेव्हा यादीतील एकही उपकरण जीवर अडलेले नसेल. चॅनेलची रुंदी दाट वस्तीत २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केल्यास तुम्ही दोन चॅनेलांची जागा अडवता आणि शेजाऱ्यांशी टक्करही वाढते.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात 'एन/एसी' किंवा 'एन/एसी/एएक्स' असा मिश्र मोड ठेवा. येथे बी नाहीच, त्यामुळे मिश्रणाची किंमत थोडी आहे. राउटरच्या खोलीतील लॅपटॉप, दूरदर्शन संच व नवे मोबाइल या पट्ट्यावर जोडा. त्यामुळे दूरच्या व जुन्या उपकरणांसाठी २.४ चा पट्टा मोकळा राहील. जेथे सोय असेल तेथे हलवता न येणारे उपकरण सरळ तारेने जोडावे. हवेच्या रांगेतील एक घागर तेवढीच कमी.

एएक्समध्ये एक नवी सोय आहे. एका पाळीतच निरनिराळ्या बारीक लहरी निरनिराळ्या उपकरणांना वाटून देता येतात. टेंपोच्या एकाच खेपेत चार गिऱ्हाइकांचा माल पोहोचवावा तसे. मात्र काही जुन्या लॅपटॉपांतील वाय-फायची आज्ञावली इतकी जुनी असते, की एएक्स चालू असलेले जाळे त्यांना दिसतच नाही. अशा वेळी ती आज्ञावली अद्ययावत करावी. तेवढ्याने भागले नाही, तर त्या पट्ट्यावरचे एएक्स बंद करावे.

आणखी एक सापळा

मोड अचूक निवडला, तरी वेग ५४ च्या वर जात नाही, असा अनुभव कधी कधी येतो. अशा वेळी सुरक्षेची ओळ तपासा. तेथे 'डब्ल्यूईपी' किंवा 'टीकेआयपी' असेल, तर एनचे नियम वरचे वेग वापरू देत नाहीत. शिवाय या दोन्ही जुन्या पद्धती फोडता येतात हे सिद्ध झाले आहे. 'डब्ल्यूपीए२-एईएस' किंवा 'डब्ल्यूपीए३' निवडा. घरातले एखादे जुने उपकरण केवळ डब्ल्यूईपीच जाणत असेल, तर त्याच्यासाठी साऱ्या घराचे दार उघडे टाकणे शहाणपणाचे नाही. ते उपकरण तारेने जोडा किंवा निवृत्त करा.

आणि हेही विसरू नका : बाहेरून येणारी जोडणीच ४० मेगाबिटची असेल, तर कोणताही मोड इंटरनेटवरून तुम्हाला ५० देऊ शकणार नाही. टाकीत नाही ते नळाला कोठून येणार?

स्वतः करून पाहा

हा प्रयोग घरातील वडीलधाऱ्यांना विचारूनच करा, आणि कोणाचे काम चालू नाही अशी वेळ निवडा. शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांच्या देखरेखीखाली तो अधिक चांगला होईल.

१. राउटरच्या पानावर सध्या असलेला मोड, चॅनेल, रुंदी व सुरक्षा वहीत उतरवून घ्या. काही बिघडले तर परतीची वाट हवी.
२. शक्य असल्यास राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावरूनच बदल करा. नाहीतर बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडायची!
३. घरातील तीन जागा ठरवा : राउटरची खोली, एका भिंतीपलीकडची खोली आणि सर्वांत दूरचा कोपरा.
४. एकाच मोबाइलने प्रत्येक जागी २.४ व ५ या दोन्ही पट्ट्यांवर वेग मोजा. प्रत्येक मोजमाप तीनदा घेऊन सरासरी काढा, कारण हवा क्षणाक्षणाला बदलते.
५. आता फक्त मोड बदला, बाकी काहीही बदलू नका, आणि पुन्हा मोजा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.
६. शेवटी यादीतील प्रत्येक उपकरण जोडले जाते का, ते तपासा. एकही बाहेर राहिले, तर तुमच्या घरासाठी तो मोड बरोबर नाही, मग वेगाचा आकडा कितीही मोठा असो.

विचार करा

१. आपल्या उदाहरणात जुना लॅपटॉप ११ ऐवजी केवळ १ मेगाबिट वेगाने बोलू लागला, तर नव्या लॅपटॉपच्या वाट्याला किती वेग येईल?
२. शेजाऱ्यांचा राउटर चॅनेल ६ वर आहे. तुमचा चॅनेल ४ वर ठेवल्याने अडचण टळेल का?
३. राउटरने वेळ समान वाटला, तर ५४ आणि ११ वेगांच्या दोन लॅपटॉपांना किती किती मिळेल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १ च्या किंचित खाली येते. तिसऱ्याचे २७ आणि साडेपाच. दुसरा प्रश्न एकमेकांना न अडखळणाऱ्या चॅनेलांचे क्रमांक आठवून तुम्हीच सोडवा.